सावकाश भरणारं अंग

हे घाईत वाचू नका. पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर टेकू द्या, खांदे सैल सोडा. श्वास चाललाय तसा चालू द्या. आता उजव्या हाताने डावा दंड धरा, कोपराच्या थोडं वर. हाड लगेच हाताला लागतं का? लागू दे. हात काढून घेऊ नका. डावा हात कोपरातून हळूहळू वाकवा आणि बोटांखाली काय होतंय तिकडे लक्ष द्या. काहीतरी घट्ट होतं, वर येतं, हात सरळ केला की पुन्हा मऊ पडतं. तो तुमचा स्नायू. बारीक असेल, पण तुम्ही सांगितलेलं तो ऐकतोय.

थोडा वेळ एवढंच करा. वाकवा, सरळ करा.

बारीक चणीच्या माणसाला स्वतःच्या अंगाला असा मायेने हात लावायची सवय नसते. त्याच्या अंगाबद्दल लोकांनीच इतकं बोलून ठेवलेलं असतं. लग्नकार्यात भेटलेली मावशी म्हणते, "किती रे वाळलास, जेवतोस की नाही?" वर्गातली मुलं काडी पैलवान म्हणतात. मुलगी असेल तर तिच्या देखत तिच्या आईला विचारतात, "हिच्या अंगाला काही लागत नाही का हो?" बोलणाऱ्याला वाटतं आपण काळजीच दाखवतोय. ऐकणारा मात्र त्या दिवसापासून उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागतो. असं एखादं वाक्य तुमच्याही मनात रुतून बसलं असेल. ते आत्ता आठवा. ज्याने म्हटलं त्याचा चेहराही आठवू द्या. मग स्वतःला विचारा, या वाक्याने मला एक घास तरी जास्त जेवू घातला का? लाजेपोटी व्यायामशाळेत नाव घातलेली आणि महिनाभरात जाणं सोडलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या शरीरात काही कमी नव्हतं. ती स्वतःवर चिडून तिथे गेली होती, आणि चिडून केलेली मेहनत फार दिवस पुरत नाही.

आता एक साधी चौकशी, मन न घाबरवता. हा बारीकपणा लहानपणापासूनचा आहे का? वडील, आत्या, आजोबा अशाच चणीचे होते का? की गेल्या काही महिन्यांत, काहीही न करता, वजन उतरत गेलंय? दुसरं उत्तर असेल तर वाचन इथेच थांबवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, पोटातले जंत, आतड्याचे आजार, मनाची उदासी, यांतलं काहीही असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. उंचीच्या मानाने वजन मोजायचा जो बीएमआय नावाचा आकडा आहे, तो 18.5 च्या खाली असेल तरीही एकदा दाखवून घ्यावं. मुलींनी रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं.

तसं काही नसेल, तर माझ्याबरोबर जरा कोल्हापूरला चला.

गोष्ट सुरू होते कराडजवळच्या गोळेश्वर गावात. तिथे 1926 साली खाशाबा जाधव जन्मले. वडील कुस्ती खेळायचे. मुलगा ठेंगणा होता. पुढे शिक्षणासाठी तो कोल्हापूरला आला. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना आश्रय देऊन, खासबागेचं मैदान बांधून, हे शहर कुस्तीचं माहेरघर केलं होतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा 52 किलोपर्यंतच्या गटात खेळले आणि सहावे आले. तोवर लाल मातीत वाढलेला हा पैलवान तिथे गादीवर लढला. चार वर्षांनी हेलसिंकीला ते 57 किलोपर्यंतच्या गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक.

इथे जरा थांबा. 57 किलो. आज व्यायामशाळेत पहिल्या दिवशी काट्यावर उभी राहणारी कितीतरी मुलं याच आकड्याकडे पाहून खाली मान घालतात. तालमीतली वस्ताद मंडळी मात्र पोराच्या अंगाचं माप घेत नाहीत. ती त्याचा दम बघतात, पकड बघतात, पाय बघतात. तुम्ही मनात जो देह धरून बसला आहात, तो कोणाचा आहे? सिनेमातल्या नटाचा? मोबाइलवर दिसलेल्या कुणाचा? त्याला थोडा वेळ बाजूला ठेवा. आपल्याच हाडापेरावर, आपल्याच उंचीवर, चार-पाच किलो चांगल्या मांसाने आपण कसे दिसू, भरलेला सिलिंडर उचलताना कसं वाटेल, एका दमात जिना चढताना कसं वाटेल, हे डोळ्यांपुढे आणा. तेवढंच हवंय.

तालमीत दोनच गोष्टी मोठ्या मानतात, मेहनत आणि खुराक. आधी मेहनत पाहू, कारण नुसता खुराक पोटावर चढतो.

उभे राहा. पाय खांद्याइतके फाकवा. मागे खुर्ची ठेवा म्हणजे भीती राहणार नाही. आता एक बैठक मारा, पण इतकी संथ की खाली जाताना मनात पाचपर्यंत मोजून व्हावं. टाचा उचलू नका. मांड्या कुठे जड होतात? पुढून की मागून? गुडघा आत वळतोय का? खाली क्षणभर थांबा. श्वास सोडत वर या. पुन्हा एक. शेवटच्या दोन-तीन बैठकांना मांडी थरथरेल, तिथे मन पळ काढू पाहील. तिथेच राहा. त्या ताणामुळेच स्नायूला कळतं की आहे ती ताकद पुरत नाही. मोठेपणी स्नायूंच्या तंतूंची संख्या फारशी वाढत नाही. आहेत तेच तंतू जाड होतात, आणि तंतूला चिकटून निजलेल्या काही पेशी जाग्या होऊन त्या कामाला हातभार लावतात. सांध्यात किंवा पाठीत कळ आली तर मात्र तो ताण नव्हे. तेव्हा थांबायचं.

पहिले काही आठवडे गंमत होते. ताकद वाढते, जोर जास्त निघतात, पण आरशात काहीच दिसत नाही. या काळात मेंदू आणि नसा शिकत असतात. आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकदम कामाला लावायचं कसब त्यांना येत असतं. खूप जण नेमके इथेच सोडतात. तुम्ही सोडू नका. बैठका, जोर, दाराच्या चौकटीला पक्का बसवलेला बार असेल तर त्याला लोंबकळून अंग वर ओढणं, पाण्याने भरलेली कळशी उचलणं, यांतून सगळं अंग कामाला लागतं. आठवड्यातून तीन दिवस पुरे. जे दहा-बारा वेळा सहज जमू लागलं, त्यात थोडी भर घालायची. एक बैठक, एक किलो, एक जोर. मुलींनी हे तितक्याच जोमाने करावं. त्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं फार कमी असतात, त्यामुळे पुरुषासारखे दंड फुगतील ही भीती नको. हाडं मात्र नक्की घट्ट होतात, आणि त्याचा उपयोग साठीनंतर कळतो.

आता खुराक. डोळे मिटून कालचा दिवस आठवा. सकाळी चहा, दोन बिस्किटं. मग थेट दुपार. संध्याकाळी वडापाव. रात्री थकून, मोबाइल बघत, दोन पोळ्या. "मी भरपूर खातो तरी अंगाला लागत नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा दिवस असाच निघतो. पोट फुटेस्तोवर एकदाच जेवलेलं आठवतं, रिकामे गेलेले तास आठवत नाहीत. स्वतःला दोष न देता फक्त ते तास पाहा. तिथेच जागा आहे.

शरीर रोज जेवढं खर्च करतं, त्यापेक्षा 300 ते 500 कॅलरी जास्त मिळाल्या तर वजन बेताने वर सरकतं. हे फार नाही. एक केळं, पेलाभर म्हशीचं दूध आणि मूठभर शेंगदाणे यांत जवळपास 500 होतात. मांस बांधायला प्रथिनं लागतात. मेहनत करणाऱ्याने आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ग्रॅम धरावीत, म्हणजे 50 किलोच्या माणसाला दिवसाला 75 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा हिशोब डॉक्टरांकडूनच घ्यावा.) ती आणायची कुठून? दोन पेले दुधात 16, ज्वारीच्या तीन भाकऱ्यांत 15, मटकीच्या उसळीची वाटी 8 ते 9, घट्ट वरणाची वाटी 7 ते 8, मूठभर शेंगदाण्यांत 7 ते 8, वाटीभर दह्यात 5, आणि 30 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 15. बेरीज झाली. अंडं खाणाऱ्याला एका अंड्यामागे 6 मिळतात, मासे-मटण खाणाऱ्याचं काम तर आणखी सोपं. यांतल्या कशासाठीही परदेशी पावडरचा डबा लागत नाही. वरणभात आपल्या आज्यांनी उगाच जोडीने वाढला नाही. डाळीत जे कमी पडतं ते भात भरून काढतो, भातात कमी पडतं ते डाळ.

कोल्हापुरात संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी येतात आणि समोर काढलेलं धारोष्ण दूध माणसं उभ्या उभ्या पितात. तालमीतली पोरं बदाम, खसखस, मिरी पाट्यावर वाटून थंडाई करतात. मला त्यातलं वाटणं फार आवडतं. खुराक स्वतःच्या हाताने तयार होतो, वेळ घेतो, आणि त्या वेळात भूकही लागते. तुम्हाला बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे भिजवा, जराही उणं वाटून घेऊ नका. दूध मात्र घरी उकळूनच घ्या. पुढचा घास घेताना तो नीट चावून, चव कळेपर्यंत तोंडात ठेवून गिळा. ज्याला जेवण म्हणजे शिक्षा वाटत आली, त्याला जेवणाशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागते.

झटपट वजन वाढवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं कोणी हातात ठेवली तर घेऊ नका. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. अंगावर पाणी चढतं, चेहरा सुजतो, आणि तरुण पोरांची हृदयं, यकृतं, पुढे मूल होण्याची शक्तीही धोक्यात येते. हे मी पोटतिडकीने सांगतोय.

राहिली विश्रांती. नव्या स्लॅबला कितीतरी दिवस पाणी मारत, भार न टाकता ठेवतात, तेव्हा तो पक्का होतो. स्नायूचंही बांधकाम मेहनत संपल्यावर चालतं, दुसऱ्या दिवशीही चालू असतं. म्हणून एकाच अंगाला रोज झोडपायचं नाही. आज रात्री दिवा मालवल्यावर पायाच्या बोटांपासून वर येत एकेक अंग सैल सोडा. पोटऱ्या. मांड्या. पाठ. दंड. सात-आठ तास त्यांना त्यांचं काम करू द्या.

आठवड्यातून एकदाच वजन करा, ठरलेल्या वारी, सकाळी, काही खाण्यापूर्वी. पाव ते अर्धा किलो वाढलं तर सगळं ठीक चाललंय. त्याहून भराभर वाढत असेल तर बहुतेक चरबी चढतेय, मग तूप-तेलाचा हात आखडता घ्या आणि बैठका तपासा. परीक्षेच्या, आजारपणाच्या, उपासाच्या आठवड्यात आकडा मागे जाईल. तो वहीत तसाच लिहा. लागोपाठ तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही, तर दुपारच्या जेवणात एक भाकरी वाढवा, रात्री झोपण्याआधी अर्धा पेला दूध, आणि पुढचे तीन आठवडे बघा.