जावरच्या भिंती

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत टीडी नदीच्या काठी जावर आहे. तिथल्या जुन्या वस्तीतल्या कित्येक पडक्या घरांच्या भिंती जस्त गाळून निकामी झालेल्या मातीच्या मुशींनी उभारलेल्या आहेत. मुशी आडव्या रचायच्या, मधल्या फटी चिखलाने लिंपायच्या, की झाली भिंत. डोंगरउतारांवर अशाच मुशींचे ढीगच्या ढीग पसरले आहेत.

यातली एक मूस जवळून पाहावी. लांबीला साधारण फूटभर, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला निमुळती नळी. आकार वांग्यासारखा. बाहेरच्या अंगावर काचेसारखा तकाकणारा थर आहे. तो कुणी मुद्दाम चढवलेला नाही. भट्टीतल्या राखेने आणि प्रखर आचेने मातीच वितळून तो तयार झाला. मूस किती तापली होती, याची नोंद तिच्या अंगावरच राहिली आहे.

ही आच नेमकी सांभाळणे हेच जस्ताचे अवघड दुखणे होते. तांबे किंवा शिसे वितळून भट्टीच्या तळाशी साचते. जस्त मात्र 907 अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि खनिजातून ते सुटे व्हायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू सुटतो तो वाफ होऊनच, आणि त्या वाफेला हवा लागली की हाती उरते पांढरी भुकटी. जावरच्या कारागिरांनी दोन मजली भट्टी बांधली. वरच्या कप्प्यात जाळ, खालचा कप्पा थंड, मध्ये भोके पाडलेल्या मातीच्या फरश्या. एका भट्टीत 36 मुशी, नळ्या खाली करून, उलट्या बसवलेल्या. वाफ नळीतून खाली उतरायची आणि थंड होऊन धातू साचायचा. उलट्या मुशीतला माल खाली पडू नये म्हणून तो गोळ्या वळून भरत आणि तोंडात एक काडी खोचत. आच वाढेपर्यंत गोळ्या एकमेकींना चिकटत, काडी जळून जाई, आणि तिच्या जागी वाफेला वाट तयार होई. धरून ठेवणारी काडीच जळून वाट करून देते! ही युक्ती ज्याला किंवा जिला सुचली, त्या माणसाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही.

जावरची चर्चा निघाली की बहुतेक वेळा ती ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथावर जाऊन थांबते. त्यात वांग्याच्या आकाराच्या मुशीने धातू काढण्याची रीत आहे, हे खरे आहे. मग ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने 1738 मध्ये घेतलेल्या पेटंटशी तुलना होते, आपण कित्येक शतके पुढे होतो असे म्हटले जाते, आणि विषय संपतो. मला हा अभिमान अपुरा वाटतो. ग्रंथात आहे ती एका मुशीची कृती. जावरला एका रांगेत सात भट्ट्यांचे अवशेष सापडले, म्हणजे एका वेळी 252 मुशी. एकातून अडीचशेपर्यंत जाताना प्रत्येक पायरीवर नवे प्रश्न उभे राहतात. सगळ्या मुशींना सारखी आच कशी लागेल, फरशी तडकू नये म्हणून काय करायचे, कोळसा किती लागेल, फुटलेल्या मुशींची जागा भरायला कुंभारांनी किती मुशी करून ठेवायच्या? ही उत्तरे गावाने शोधली. ग्रंथाने ज्ञान टिकवले हे मान्य, पण त्या ज्ञानाचा धंदा या भिंती बांधणाऱ्यांनी केला, आणि त्याचा पुरावा या भिंतींतच आहे.

खाणीतले काम याहून कठीण. खडकाशी लाकडे रचून जाळायची आणि तडकलेला खडक फोडून काढायचा. त्या जुन्या पोकळ्यांच्या भिंती आजही गोलसर आणि काजळलेल्या दिसतात. आत सापडलेली काही लाकडे दोन हजार वर्षांहून जुनी ठरली आहेत. अंधाऱ्या बोगद्यात असा जाळ पेटवल्यावर श्वास कसा घेत असतील, याचा विचार केल्याशिवाय मला जावरबद्दल कौतुकाचा एक शब्दही लिहिता येत नाही.

जावरला मंदिरेही आहेत, जैन आणि हिंदू, आणि ती सुंदर आहेत. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिच्या बांधकामाची नोंद करणारा 1497 चा शिलालेख तिथलाच. त्यामुळे रमाबाईचे नाव आपल्याला माहीत आहे. खाणीच्या पैशाने गाव नांदले, त्याच गावात देवळे उभी राहिली. देवळांना शिलालेख मिळाला, मुशींना उकिरडा. आपण वारसा म्हणून जे जपतो त्यात ही उतरंड अजून जशीच्या तशी आहे.

हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंडावला. 1812-13 च्या दुष्काळाचा त्यात वाटा सांगतात. पण त्याआधीची काही दशके मेवाड शिंदे-होळकरांच्या फौजांच्या खंडण्यांनी आणि पेंढाऱ्यांच्या लुटीने खंगले होते. 1818 मध्ये महाराण्याने इंग्रजांशी तह केला, तोपर्यंत राज्यात फारसे त्राण उरले नव्हते. जावर नेमके कशामुळे बंद पडले याचा दोष मी कुणा एकावर टाकणार नाही. मात्र उत्तरेतल्या मोहिमांचा इतिहास आपण मोठ्या प्रेमाने वाचतो, तर त्या खंडणीचा पैसा कुठून उभा राहिला आणि तो भरताना कुणाची चूल विझली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

विसाव्या शतकात जावरला पुन्हा खाणकाम सुरू झाले. 1966 मध्ये हिंदुस्थान झिंक स्थापन झाली, 2002 मध्ये ती खासगी हातात गेली, आणि खाणी आजही चालू आहेत. 1980 च्या दशकात याच कंपनीने, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने आणि ब्रिटिश म्युझियमने मिळून इथे संशोधन केले. के. टी. एम. हेगडे, पॉल क्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळेच भट्ट्यांचे गणित उलगडले. चालू खाणीमुळे जुन्या पोकळ्या उजेडात येतात आणि चालू खाणीमुळेच त्या नाहीशाही होतात. यावर खाण बंद करा असे म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. तिथल्या माणसांची पोटे त्यावर आहेत.

माझे म्हणणे वेगळे आहे. 1958 च्या पुरातत्त्व कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या बांधकामाला संरक्षण देता येते, आणि ते बांधकाम देऊळ किंवा किल्लाच असावे अशी अट नाही. राजपुरा-दरीबाच्या खनिजपट्ट्यातल्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता आहे. निसर्गाने घडवलेल्या खडकाला आपण हा मान देतो, मग त्यातून धातू काढणाऱ्यांच्या वस्तीला का देऊ नये? एखादी भट्टी काचेच्या कपाटात नेऊन ठेवल्याने हे भागत नाही. मूस, भट्टी, मळीचा ढीग, घर आणि खाणीचे तोंड यांच्यातले अंतर आणि चढउतार पाहिल्यावरच कामाचा क्रम कळतो. ढीग एकदा भरावासाठी उचलला, की थरांचा तो क्रम पुन्हा जुळवता येत नाही.

म्हणून निदान एका उताराची तरी, घरे आणि ढिगांसकट, सलग हद्द आखली जावी. इतर ठिकाणचा ढीग हलवण्याआधी त्याची मोजणी आणि छायाचित्रे व्हावीत. आणि ही हद्द ठरवताना आसपासच्या भिल्ल-मीणा वस्त्यांना आधी विचारावे, कारण उद्या तिथे कुंपण पडले तर गुरांची वाट त्यांचीच अडणार आहे.