गोठ्यांतील उंदीर व विषाचा प्रश्न

नीतिशास्त्राचे प्रश्न ग्रंथांतून वाचतांना जितके भव्य वाटतात तितके ते संसारांत भेटतांना वाटत नाहींत. संसारांत ते बहुधा एखाद्या क्षुद्र गृहकृत्याचें रूप घेऊन येतात, आणि आपण त्यांना ओळखण्यापूर्वींच त्यांचा निकाल लावून मोकळे होतों. गेल्या पावसाळ्यांत तिवसा येथील आमच्या वडिलोपार्जित घराच्या गोठ्यांत असाच एक प्रश्न उभा राहिला.

तिवसा हें अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें तालुक्याचें गांव. भोंवतालीं कपाशी, तूर व सोयाबीन यांचीं शेतें आणि मधून मधून संत्र्यांच्या बागा. आमच्या गोठ्यांत एक बैलजोडी व दोन गाई. लगतच्या पडवींत सरकीच्या ढेपेचीं पोतीं, तुरीचें कुटार आणि अंगणांत कडब्याची गंजी. इतकी बेगमी जेथें उघडी पडलेली असते तेथें उंदीर न येतील तरच नवल. पोतीं फाटलीं, गव्हाणींत लेंड्या दिसूं लागल्या, भिंतीच्या बुडाशीं घुशींनीं उकरलेल्या मातीचे ढीग पडले. बाजारांतून विषाची पुडी आणावी असें घरांत ठरलें व आम्हींही मान डोलाविली. त्या वेळीं आमचा जुना सालदार एवढेंच म्हणाला, "भाऊ, इखाले डोये नसतेत."

त्याचें बोलणें आम्हीं हंसण्यावारी नेलें. पुडी घातली गेली. चौथ्या दिवशीं तीन उंदीर मेलेले सांपडले. बाकीचे कोठें मेले तें दुर्गंधीवरून कळलें. सहाव्या दिवशीं सकाळीं गव्हाणीच्या मागें एक पांढऱ्या तोंडाचें घुबड मरून पडलेलें आढळलें. गोठ्याच्या आढ्याशीं तें कित्येक वर्षें राहत होतें. तें विषानेंच मेलें असें आम्ही शपथेवर सांगूं शकणार नाहीं. परंतु त्याच्या अंगावर जखम नव्हती आणि त्याचें भक्ष्य काय होतें हें आम्हांस ठाऊक होतें. सालदारानें तें उचललें व कुंपणाशीं खड्डा करून पुरलें. तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हांसही कांहीं बोलवलें नाहीं.

विष घालण्यांत नेमकें काय चुकलें, हा विचार तेव्हांपासून मनांत घोळत आहे. उंदराला मारणें हेंच मुळीं पाप, असें म्हणणारा एक पक्ष आहे. त्याविषयीं आम्हांस आदर वाटतो, परंतु त्याच्याशीं आम्ही सहमत नाहीं. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग प्रकटला, आणि पुढें कित्येक वर्षें गांवेंच्या गांवें ओस टाकून माणसें रानांत झोपड्या बांधून राहत. 'घरांत उंदीर पडला' एवढें ऐकतांच बिऱ्हाड हालविणारी पिढी आमच्या पणजोबांची होती. उंदराच्या अंगावरील पिसू ही त्या रोगाची वाहक आहे हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं दाखविलें. आजही उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्याचिखलांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसांना व गुरांना जडतो. राजस्थानांत देशनोक येथें करणीमातेच्या मंदिरांत उंदरांना नैवेद्य मिळतो व आपल्याकडे तो गणपतीचें वाहन म्हणून पूजिला जातो. पण ज्याला दावणीचीं मुकीं जनावरें राखावयाचीं आहेत त्याला उंदरांचा बंदोबस्त हा धर्मच आहे. तेव्हां बंदोबस्त करावा कीं नाहीं हा वाद नव्हे. तो कोणत्या रीतीनें करावा, हा आहे.

विष क्रूर आहे म्हणून तें वर्ज्य, असें म्हणावें तर बिनविषारी उपाय सगळेच दयाळू आहेत असें नाहीं. चिकट गोंदाच्या पट्ट्यावर खिळून राहिलेला उंदीर भुकेनें व भीतीनें तासचे तास तडफडतो. त्यांत विषाचा एक कणही नसतो. उलट, विष हातीं घेऊनही मनुष्य आपल्या कृत्यास पूर्णपणें जबाबदार राहूं शकतो, याचें प्रसिद्ध उदाहरण १९२८ सालचें आहे. साबरमती आश्रमांत एक वासरूं असाध्य वेदनांनीं तळमळत होतें. गांधीजींनीं डॉक्टरांकडून त्याला विषाची सुई देवविली, त्या वेळीं ते स्वतः समक्ष होते, आणि पुढें उठलेल्या टीकेच्या वादळास त्यांनीं आपल्या नांवानिशीं उत्तर दिलें. तेथें विष होतें, पण त्याला डोळे होते. कोणाला, कशासाठीं व किती, हें सारें मारणाऱ्यास ठाऊक होतें, आणि कृत्य संपेपर्यंत तो तेथून हालला नाहीं.

गोठ्यांत पुडी टाकणाऱ्याचें तसें नसतें. तो अंधारांत पुडी ठेवतो आणि दार लावून निजावयास जातो. झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी पिठांत मळून ठेवली तर पोटांतील आम्लानें तिचा विषारी वायु होतो. तिला उतारा नाहीं, आणि ती गोळी उंदरानें खावी, कोंबडीनें खावी कीं रांगत्या मुलानें उचलावी, हें त्या गोळीस कळत नाहीं. रक्त गोठूं न देणारीं नवीं विषें अधिक सावकाश काम करतात. तीं खाल्लेला उंदीर तीनचार दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ हिंडत फिरत राहतो. त्याच्या यकृतांत विष सांचलेलें असतें, आणि मंदावलेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या हातीं प्रथम लागतो. मारणाऱ्याचा हात जेथवर पोंचतो तेथवर त्याची नजर पोंचत नाहीं. विषाचा खरा दोष आमच्या मतें हाच आहे. मरणाचें दुःख कमी अधिक असेल. परंतु आपण कोणाला मारीत आहों हें जाणण्याचें कर्तव्यच आपण त्या पुडीबरोबर टाकून देतों.

या दुसऱ्या जातीच्या विषाचा उगम गोठ्यांतलाच आहे, ही गोष्ट मोठी विचार करण्याजोगी वाटते. १९२० नंतरच्या दशकांत कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरें रक्तस्राव होऊन मरूं लागलीं. बुरसलेला गोड क्लोव्हर नांवाचा चारा हें त्याचें कारण ठरलें. १९३३ सालीं विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारें रक्त भरलेला डबा घेऊन, हिमवादळांतून, कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत पोंचला. त्या शोधांतून पुढें वॉर्फरिन निघालें. १९४८ सालीं तें उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, आणि कांहीं वर्षांत तेंच, मोजून मापून, रक्तांत गुठळ्या होणाऱ्या रोग्यांना देण्यांत येऊं लागलें. जें द्रव्य वैद्याच्या नजरेखालीं जीव वांचवितें तेंच नजरेआड जीव घेतें. द्रव्य एकच, फरक नजरेचा.

विषाविरुद्ध दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. उंदरी सुमारें तीन आठवड्यांत वितें, एका वेळीं सहाआठ पिल्लें देते, आणि तीं पिल्लें दोनतीन महिन्यांत स्वतः वीण देऊं लागतात. जोंवर ढेप उघडी आहे तोंवर मेलेल्यांच्या जागीं शेजारचे येतात. शिवाय उंदीर नवी वस्तु प्रथम चाखून पाहतो. चाखतांच पोट बिघडलें तर पुन्हां तिला शिवत नाहीं. म्हणून विष हें औषध न राहतां वर्षासन होऊन बसतें: दर साल दुकानदारास द्यावयाचें. उंदीर आला, कारण आम्ही त्याला जेवूं घालीत होतों. यजमानानें पाहुण्यास आमंत्रण द्यावें आणि मग त्याच्या पानांत विष वाढावें, यांत हिंसेपेक्षांही खोटेपणा अधिक आहे.

मग आम्हीं काय केलें तें सांगतों. ढेप झांकणाच्या पत्र्याच्या पिंपांत भरली. कुटाराचीं पोतीं भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचलीं, म्हणजे खालून व मागून झाडतां येतें. कडब्याची गंजी दगडांच्या मांडणीवर उचलून घेतली. बिळें कांचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजविलीं, मोरीस पाव इंची जाळी बसविली, छपरावर टेकलेल्या लिंबाच्या फांद्या छाटल्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, रोज संध्याकाळीं गव्हाणींतलें उष्टें काढून गोठा झाडूं लागलों.

हा शेवटचा उपाय वऱ्हाडास कोणी परदेशांतून शिकविण्याची गरज नाहीं. याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेले गाडगे महाराज दिवसा हातीं खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत देवापुढें होणाऱ्या पशुहत्येचा धिक्कार करीत. झाडणें आणि न मारणें या दोन शिकवणी एकाच मुखांतून निघाव्या, हा योगायोग नव्हे. जेथें झाडणें असतें तेथें मारण्याचे प्रसंग थोडे येतात. तिवसा तालुक्यांतच मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांनींही ग्रामसेवेंत सफाईला मानाचें स्थान दिलें.

दुसरा उपाय, ज्यांच्यावर आपण अन्याय केला त्यांना परत बोलावण्याचा. मेलेल्या त्या घुबडाचें मराठी नांवच 'गव्हाणी घुबड' आहे. गव्हाणीजवळ राहून गोठ्याची राखण करणारा हा पक्षी आपल्या पूर्वजांनीं बरोबर ओळखला होता. पण लक्ष्मीचें वाहन म्हणून ज्याचें नांव घेतात त्यालाच अशुभ ठरवून दगड मारण्याची चालही आपलीच. धामणीचीही तीच कथा. ती बिनविषारी, उंदरांचा कर्दनकाळ. परंतु गाईच्या पायांना वेढा घालून ती दूध पिते अशा समजुतीनें तिला ठेंचण्यांत येतें. सापाच्या तोंडाची घडण आंचळ ओढण्याजोगी नसतेच. गोठ्याचे हे दोन रखवालदार आपण भ्रमानें मारतों आणि त्यांचें काम विषाकडे सोंपवितों. इस्राएलमध्यें १९८३ सालापासून शेतांत खोके टांगून याच जातीच्या घुबडांना घरें देण्यांत आलीं, आणि पुढें शेजारच्या जॉर्डनमधील शेतकरीही त्या कामांत सामील झाले. ज्यांच्यांत एरव्हीं वैर, त्यांना एका पक्ष्यानें एकत्र आणलें.

एवढें करूनही कांहीं उंदीर उरतातच. त्यांच्यासाठीं आम्हीं सापळे घेतले. उंदीर भिंतीच्या कडेनें धांवतो म्हणून सापळा भिंतीशीं काटकोनांत ठेवावा. पहिले दोनतीन दिवस नुसतें आमिष ठेवून तो उघडा सोडावा, म्हणजे त्याची भीड चेपते. पिंजऱ्यांत धरून दूर सोडून द्यावे, ही सूचना घरांतील मुलांनीं केली. ती ऐकावयास गोड आहे. परंतु दूर म्हणजे कोणाच्या तरी शेतांत, कोणाच्या तरी कणगीजवळ. शेजाऱ्याच्या खर्चानें केलेली दया आम्हांस मानवली नाहीं. सापळा एका फटक्यांत मारतो, आणि सकाळीं तो उघडावा लागतो. आपण काय केलें तें रोज आपल्या डोळ्यांनीं पाहावें लागतें. तें अप्रिय आहे, आणि अप्रिय असावें हेंच योग्य.

येथें एक आक्षेप आम्हांस टाळतां येत नाहीं. पोटापुरती जमीन असलेला शेतकरी दिवसभर राबून आल्यावर पिंपें कोठून आणणार व गोठा कधीं झाडणार? दहावीस रुपयांची पुडी हाच त्याचा उपाय. हें खरें आहे. पण स्वस्त विषाची किंमत अखेर कोण भरतो, हेंही खरें आहे. २०१७ च्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों आजारी पडले. डोळे नसलेलें विष प्रथम गरिबाच्याच अंगावर येतें.

दुसरी गोष्ट आमची स्वतःची, आणि ती कबूल करावयास हवी. गोठा झाडण्याचा नियम आम्हीं केला. झाडीत होता तो सालदारच. मुंबईंत महानगरपालिकेचे नोकर रात्रीं काठी व विजेरी घेऊन गल्लीबोळांतून उंदीर मारीत फिरतात, तेव्हां अहिंसेवर व्याख्यान ऐकून आलेले नागरिक निजलेले असतात. अहिंसा आमची आणि खराटा त्याचा, अशी वांटणी झाली म्हणजे विषाच्या पुडीहून ती फारशी निराळी राहत नाहीं. कृत्य पुन्हां आपल्या नजरेआडच होतें. हें ध्यानांत आल्यावर सुटींत तिवसा येथें असतां संध्याकाळचें झाडणें व सकाळीं सापळे उघडणें आम्हीं आपल्याकडे घेतलें. पहिल्या दिवशीं सालदारानें खराटा देण्यास कांकूं केली. मग म्हणाला, "घ्या भाऊ, पन कोपऱ्याइतून झाडजा."

उंदीर अगदींच नाहींसे झालेले नाहींत. ते होणारही नाहींत. लेंड्या क्वचित् दिसतात, पोतीं शाबूत आहेत. आढ्याशीं एक लाकडी खोका टांगून ठेवला आहे. घुबड अद्याप आलेलें नाहीं. येईपर्यंत कोपऱ्यांतून झाडणें एवढेंच आमच्या हातीं आहे.