वगळलेले बिंदू

खोटे बोलणे म्हणजे जे नाही ते आहे असे सांगणे, अशी आपली साधी समजूत असते. परंतु प्रत्येक शब्द खरा असूनही एकूण सांगणे खोटे ठरू शकते का? हा प्रश्न आम्हांला पडला तो एका शोधनिबंधाच्या कहाणीमुळे.

क्वांटम संगणकाचा मूळ घटक म्हणजे क्युबिट. तो कमालीचा नाजूक असतो. किंचित उष्णता लागली तरी त्यातील माहिती बिघडते. इटालियन शास्त्रज्ञ एत्तोरे मायोराना यांनी १९३७ साली एका आगळ्या कणाची कल्पना मांडली होती. तसे वर्तन अतिशीत, अतिसूक्ष्म तारेत घडवता आले, तर स्थिर क्युबिट बनवता येईल, अशी संशोधकांची आशा होती. २०१८ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात त्याचा सबळ पुरावा जाहीर केला. तारेची विद्युतवाहकता अपेक्षित मूल्यापाशी स्थिर राहिल्याचे आलेख दाखवीत होता.

सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक यांनी पूर्वी डेल्फ्टमध्येच काम केले होते. त्यांनी मूळ नोंदी मागितल्या. नोंदींचा पूर्ण पल्ला मांडल्यावर दिसले, की निष्कर्षाशी न जुळणारे बिंदू छापील आलेखात आलेच नव्हते. मार्च २०२१ मध्ये लेखकांनी निबंध मागे घेतला व शास्त्रीय काटेकोरपणा अपुरा पडल्याबद्दल क्षमा मागितली. स्वतंत्र तज्ज्ञांना हेतुपुरस्सर फसवणूक आढळली नाही. उत्साहाच्या भरात संशोधक वाहवत गेले, असे त्यांचे मत पडले.

आम्हांला अस्वस्थ करते ते हेच. जाणूनबुजून फसवणाऱ्याला आपले पाप ठाऊक असते. स्वतःलाच फसवणाऱ्याला पापनिवेदनाचे कारणच दिसत नाही. अज्ञानाने दोष सौम्य होतो, असे ख्रिस्तसभा शिकवते. परंतु सत्य शोधण्याच्या हेळसांडीतून आलेले अज्ञान ती निर्दोष मानत नाही. म्हणूनच मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द व कृती यांबरोबर कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो.

कोणी म्हणेल, प्रत्येक नोंद छापणे कोणत्या संशोधकाला शक्य आहे? खरे आहे, निवड करावीच लागते. मग निवड आणि लपवाछपवी यांतील सीमारेषा कोणती? आम्हांला एकच कसोटी सुचते : जे वगळले, ते माझ्या बाजूने बोलणारे असते, तरी मी वगळले असते का?

ही कसोटी प्रयोगशाळेपुरती नाही. लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार सांगायचा व व्यसन सांगायचे नाही, भावंडांच्या वाटणीत आपला खर्च मोजायचा व आपल्याला मिळालेले मोजायचे नाही, हाही कापलेला आलेखच होय.

२०२३ साली भारत सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. उद्या आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही या क्षेत्रात जातील. गणित त्यांना विद्यापीठ शिकवील. नकोशा बिंदूकडे डोळे उघडून पाहण्याची सवय मात्र त्यांनी घरूनच न्यायची आहे. आणि ती त्यांना देण्यापूर्वी आपल्या घरचा आलेख आपण पूर्ण मांडला आहे का, हे आम्ही प्रथम स्वतःला विचारतो.