हलालचा अर्धा प्रश्न

सिंगापूर नदीकाठी 'क्लार्क की' हा जुन्या गोदामांचा धक्का आहे. १९९३ पासून तिथे रेस्टॉरंटे थाटली गेली. चिनी, जपानी, थाई चवी एकाच ताटात आणणारे झगमगीत 'एशियन फ्यूजन' अशाच काठांवर रुजले. अशा टेबलावर आम्हा मुसलमानांचा पहिला प्रश्न ठरलेला : हे हलाल आहे का?

प्रश्न रास्तच आहे. डुकराचे मांस निदान विचारून कळते, पण जपानी रश्शातील साके-मिरीन किंवा चिनी परतणातील तांदळाची दारू चवीत विरून जाते. तिथली इस्लामी परिषद 'मुइस' १९७८ पासून हलालचे प्रमाणपत्र देते, ते याचसाठी.

समुद्री जीवांबाबत मात्र आमच्यातच एकमत नाही. कोकणातले शाफई आणि तिथले मलय शाफई माकुल, तिसऱ्या आवडीने खातील. शेजारचा हनफी मासा घेईल आणि बाकीचे बाजूला सारेल. तरी दोघे एकाच दस्तरखानावर बसतात. मतभेद सोसण्याची ही रीत चांगलीच आहे.

पण कुरआनात अन्नाबद्दल हलालसोबत 'तय्यब', म्हणजे निर्मळ, हाही शब्द येतो आणि इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध ठरते. भांड्यात काय शिजले ते प्रमाणपत्र सांगते. भांडी घासणाऱ्याला वेळेवर पगार मिळाला का, किती अन्न कचऱ्यात गेले, हे ते सांगत नाही. ही नदी १९७७ ते १९८७ या काळात स्वच्छ झाली. १९८३ मध्ये मालवाहू होड्या तिथून हलवल्या गेल्या. घाण गेली हे उत्तमच झाले. पण होड्यांवर पोट भरणारेही त्या काठावरून गेले, हे जेवणाऱ्याला ठाऊक असावे.

कुणी म्हणेल, मग घास घ्यायचा तरी कसा? प्रत्येक ताटाची चौकशी शक्य नाही, आणि चांगले खाणे हा गुन्हाही नाही. दीन आवाक्याबाहेरचे मागत नाही. आवाक्यातले मात्र मागतो : भूक असेल तेवढेच मागवावे, उरलेले बांधून न्यावे, वाढणाऱ्याशी माणसासारखे बोलावे, आणि जिथे कामगारांची पिळवणूक उघड दिसते तिथे पुन्हा जाऊ नये.

स्वयंपाकघराचा हिशेब मुइस तपासते. ताटाचा हिशेब आम्हालाच द्यायचा आहे.