बातमीनंतरचा तास

अमेरिकेत अपघाती मृत्यूची बातमी घरी सांगायला पोलीस जातात, तेव्हा पुष्कळदा सोबत एक बिनपगारी धर्मसेवक असतो. त्याला तिथे चॅप्लिन म्हणतात. पोलिसाला पुढच्या कामावर निघावं लागतं. चॅप्लिन थांबतो, नातेवाइकांना फोन लावून देतो, जवळचं कुणी येईपर्यंत बसून राहतो. पुढे त्या पोलिसाच्या मनावरचा भारही तोच ऐकून घेतो. सरकारी कामात धर्म कशाला, ही शंका रास्त आहे. पण १९७३ मध्ये स्थापन झालेली पोलीस चॅप्लिनांची आंतरराष्ट्रीय संघटना त्यांना प्रशिक्षण देते, आणि धर्मप्रचार या कामात बसत नाही. समोरचा नास्तिक असला तरी सोबत तीच. समुपदेशक हवाच, पण मध्यरात्री त्या दारात तो क्वचितच असतो. शेजारी अशी बातमी आली, तर बोलावण्याची वाट न पाहता जा आणि नुसते बसा.