आडव्या तारेचा विचार

30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला, तो आमच्या सुर्जी अंजनगावात. अहमदनगर गेलं, दुआब गेला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच तहात भडोचही गेलं, म्हणजे शिंद्यांच्या हातचं बंदर गेलं. त्याबद्दल क्वचितच कोणी हळहळतं. पानमळ्यांच्या या मुलखात समुद्र तसा परकाच. मला मात्र समुद्रावरच्या एका कल्पनेचं फार अप्रूप आहे: जहाजावर विमान उतरवण्याच्या.

18 जानेवारी 1911 रोजी युजीन इली या अमेरिकन वैमानिकाने 'पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेवर विमान उतरवलं. जहाजावर लाकडी फळ्यांचा मंच बांधला होता. त्यावर 22 दोर आडवे ताणले होते आणि प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना 50 पौंडांची वाळूची पोती होती. विमानाखालचे आकडे दोरांत अडकले, पोती फरफटत गेली आणि विमान थांबलं. इलीला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याने सायकलच्या ट्यूब अंगाभोवती गुंडाळल्या होत्या. पुढे सगळं जग ज्या युक्तीवर आलं, ती इतक्या साध्या सामानातून त्या दिवशी सिद्ध झाली होती.

तरीही ती मागे पडली. ऑगस्ट 1917 मध्ये ब्रिटिश 'फ्युरियस'वर एडविन डनिंग उतरला तेव्हा दोर नव्हतेच. जहाज वाऱ्याच्या तोंडावर वेगाने चाललेलं, त्यामुळे डेकच्या हिशेबाने विमान जवळजवळ जागच्या जागी तरंगत होतं. खलाशांनी धावत जाऊन ते हातांनी धरलं. पाच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना विमान समुद्रात पडलं आणि डनिंग बुडाला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी तारा लावल्या, पण उभ्या, जहाजाच्या लांबीच्या दिशेने. विमानं हलकी होती, वाऱ्याने बाजूला घसरून पाण्यात जातील ही धास्ती. त्या तारांनी विमानंच मोडू लागली, म्हणून विसाच्या दशकातच त्या काढाव्या लागल्या. अमेरिकन 'लँगली'वर उभ्या आणि आडव्या दोन्ही तारा होत्या. 1929 मध्ये तिथेही उभ्या गेल्या. तिसाच्या दशकात ब्रिटिशही आडव्या तारेकडे वळले. इलीच्या दोराला मान्यता मिळायला वीस वर्षं लागली.

ही वर्षं वाया गेली असं मी मानत नाही. 1922 च्या वॉशिंग्टन तहाने मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घातली आणि अर्धवट बांधलेल्या 'लेक्सिंग्टन', 'साराटोगा', 'अकागी' विमानवाहू झाल्या. पाणबुडीवर विमान ठेवण्याचाही प्रयोग झाला. ब्रिटिश 'एम-2'ची तोफ काढून तिथे छोट्या विमानासाठी हँगर बसवला. जानेवारी 1932 मध्ये ती सगळ्या खलाशांसह बुडाली. गोताखोरांना हँगरचं दार उघडं सापडलं. अमेरिकेने विमानं हवाई जहाजांच्या (एअरशिपच्या) पोटाला टांगली. 'ॲक्रन' आणि 'मेकन' ही हवाई जहाजंही वादळांत गेली. कोणता रस्ता बंद आहे हे या माणसांनी जीव देऊन दाखवलं. त्यांना वेडे ठरवणं अन्यायाचं आहे.

1940 च्या नोव्हेंबरात विमानवाहू नौकेवरून उडालेल्या 21 जुनाट द्विपंखी विमानांनी टॅरँटो बंदरात इटलीच्या तीन युद्धनौका निकामी केल्या. जहाजाचे डोळे म्हणून आलेलं विमान आता जहाजाचं मुख्य शस्त्र झालं होतं.

आपल्याकडे हा विचार 1961 मध्ये 'विक्रांत'च्या रूपाने आला. तिच्या डेकवरही आडव्याच तारा होत्या. 1971 च्या डिसेंबरात तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. निवृत्तीनंतर ती काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. 2014 मध्ये भंगारात विकली गेली. ती राखायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. सी हॉक आणि अलिझे विमानं मात्र गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात आहेत. वऱ्हाडातून गोव्याला जाणाऱ्यांनी एक सकाळ तिथे द्यावी, आणि विमानाच्या शेपटीखालचा आकडा मुलांना दाखवावा.