तिसरी सही

नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराला टिपू सुलतानाने ‘हकीम नंजुंड’ म्हटले, अशी कथा आहे. हत्तीचे डोळे बरे झाले म्हणून. देवाला हकिमी शिकावी लागली नाही. माणसाच्या हाताला उमेदवारी करावी लागते, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या तरी दंडावर.

नर्सिंग शाळा आणि रुग्णालय यांच्या करारात हे दंडच पुरवले जातात. नियम खाटा मोजतात, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण धरतात. सह्या दोनच: शाळेची आणि रुग्णालयाची. खाटेवरच्या माणसाची नसते.

१९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने, बायकांना परिचर्या शिकायला ससूनमध्ये पाठवले. परक्याची जखम धुणे घरंदाज बाईला शोभत नाही, असे मानणाऱ्या समाजात हे धाडसच. त्याचे कौतुक करावेच. पण ज्यांच्या जखमांवर त्या पट्टी बांधायला शिकल्या, त्यांची चौकशी आपण करत नाही.

बाहुल्यावर इंजेक्शन शिकता येते. पण बाहुला हात मागे ओढत नाही. म्हणून वॉर्ड लागतोच. खासगी खोलीतला रुग्ण ‘शिकाऊ नको’ म्हणतो. जनरल वॉर्डातल्याला तसे म्हणता येते, हे त्याला सहसा कुणी सांगतच नाही. मला खुपते ते हे. फुकट खाट म्हणजे संमती नव्हे. ‘मी शिकते आहे, सिस्टर शेजारी आहेत, टोचू का?’ एवढे विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि ‘नको’ आलेच, तर सिस्टरांनी सुई आपल्या हातात घ्यावी, रुग्णावर न रागावता.